आंबट कॉफी दोन प्रकारची असते

पुण्यातल्या नव्या कॅफेंमध्ये पहिल्यांदा ब्लॅक कॉफी घेतलेल्या बहुतेकांची एकच तक्रार असते, "आंबट आहे हो." तक्रार खरी असते. पण हा आंबटपणा बियांचा स्वतःचा आहे की बनवणाऱ्याची चूक आहे, हे ओळखता आलं पाहिजे. तेवढं जमलं की या कॅफेंमधलं निम्मं कोडं सुटतं.

आपल्या घरातल्या कॉफीत बहुधा रोबस्टा ही कडवट जात असते, चिकोरी असते, भाजणी गडद असते आणि वर दूध-साखर. इतकं भाजल्यावर बियांमधली आम्लं फारशी उरत नाहीत. या कॅफेंमध्ये मात्र चिकमगळूर किंवा कोडगूची अराबिका ही दुसरी जात हलकी भाजलेली असते. तज्ज्ञांनी चाखून १०० पैकी ८० किंवा जास्त गुण दिले की कॉफी सहसा 'स्पेशालिटी', म्हणजे वरच्या दर्जाची, धरतात. (कॉफी आपल्या चिखलदऱ्यालाही होते, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं.) फळ सालीसकट उन्हात वाळवलं तर ती 'नॅचरल', गर काढून, धुऊन वाळवलं तर 'वॉश्ड'. नॅचरलमध्ये पिकल्या फळाचा, कधी थोडा आंबूस वास येतो. सुरुवात वॉश्डने करावी, तिची चव स्वच्छ असते.

बियांचा चांगला आंबटपणा पिकलेल्या करवंदासारखा किंवा संत्र्याच्या फोडीसारखा असतो. मागे गोडवा राहतो आणि कप कोमट झाला की चव आणखी उघडते. चुकीचा आंबटपणा कच्च्या कैरीसारखा असतो. जीभ आक्रसते, कॉफी पाणचट लागते, गोडवा नावालाही नसतो. कारण सरळ आहे: आम्लं पाण्यात आधी उतरतात, गोडवा नंतर, कडवटपणा शेवटी. पूड जाड, पाणी कमी गरम किंवा वेळ कमी, यातलं काहीही झालं तरी काम आम्लांवरच थांबतं. एस्प्रेसोसाठी, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीसाठी, साधारण १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. ती १५ सेकंदांत आली तर आंबट, ४५ लागले तर कडू आणि घशाला कोरडी. चांगला बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, यासाठी दिवसातून अनेकदा ग्राइंडर जुळवतो. म्हणून कप बिघडलेला वाटला तर निःसंकोच सांगावं. ते ऐकून कपाळाला आठ्या घालणारा कॅफे माझ्या मते पुन्हा जाण्याच्या लायकीचा नाही.

दुधाची हवी असेल तर कोर्टाडो किंवा फ्लॅट व्हाइट मागवा. त्यांत दूध बेताचं असतं, कॉफी लपत नाही. "गरम नाही" ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे दूध ६० अंशांच्या आसपास थांबवतात, कारण ७० च्या पुढे त्याचा गोडवा मागे पडतो आणि तापवलेल्या दुधाचा वास पुढे येतो. तरी चटका हवाच असेल तर मागा, साखरही मागा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाकीट घेताना भाजल्याची तारीख बघा. ती नसेल तर घेऊ नका. भाजल्यापासून एक आठवडा ते सहा आठवडे हा काळ उत्तम. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल आणि फोडणीचे वास दोन्ही शिरतात.

घरी व्ही-६० वर, म्हणजे कागदी फिल्टर बसवायच्या शंकूसारख्या गाळणीवर, करायची तर १५ ग्रॅम पूड आणि २५० ग्रॅम पाणी घ्या. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा, कागदी फिल्टर आधी गरम पाण्याने धुवा. पहिलं पाणी ४५ ग्रॅम, मग ४० सेकंद थांबा, उरलेलं दोन-तीन वेळा गोल फिरवत ओता. तीन मिनिटांच्या आसपास गळून संपावं. दोन मिनिटांत संपलं तर पूड बारीक करा, चारच्या पुढे गेलं तर जाड. मिक्सरमध्ये दळू नका. भुगा आणि तुकडे एकत्र पडतात आणि एकाच कपात आंबटही लागतं, कडूही. पहिला खर्च हाताने फिरवायच्या बर ग्राइंडरवर (दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणाऱ्या) करा, सुंदर किटलीवर नव्हे. बोअरचं जड पाणी आम्लं मारून कॉफी सपक करतं, तेव्हा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १०० ते १५० च्या आसपास असलेलं पाणी वापरा.

आणि कॅफेवाल्यांना एक मनापासून विनंती. मेनूवर कॉफीच्या चवीचं वर्णन करताना ब्लूबेरी आणि बर्गमॉट लिहिता, ती फळं इथे किती जणांनी चाखलीत? जांभूळ, करवंद, कोकम, चिक्कू, काकवी लिहा. ज्या चवी जिभेला ठाऊक आहेत, त्या कपातही लगेच सापडतील.