लोण्यासारखा फोन कसा घ्यावा

नवा फोन घ्यायचाय? मग बाकी सगळं विसरा आणि एकच आकडा विचारा: रिफ्रेश रेट किती, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढते? ६० म्हणजे बैलगाडी. १२० म्हणजे तुम्ही माणसात आलात.

दुकानात जाताना डोकं घरी ठेवून जा. परवा आईसाठी फोन घ्यायला गेलो तेव्हा मी नेमकं तेच केलं. काउंटरवरच्या पोराने दोन फोन शेजारी मांडले, दोन्हींत सेटिंग्जचं पान उघडलं आणि अंगठ्याने सरासर वर-खाली, वर-खाली. "बघा सर, लोण्यासारखं!" होतंच लोण्यासारखं, खोटं कशाला बोलू. ६० ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० ला ८.३. यादी पळते तेव्हा अक्षरं कमी पुसट होतात, ते डोळ्याला कळतं. पण सेटिंग्जचं पान वर-खाली करणं हा माझ्या आईचा धंदा आहे का? ती सुप्रभातचा गुलाब उघडते, चष्मा शोधते, वाचते आणि दोन मिनिटांनी बोट हलवते. १२० च्या हिशेबाने तेवढ्यात १४,४०० वेळा तोच गुलाब! काही महागड्या फोनची स्क्रीन निदान चित्र हललं नाही तर १ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला एकाच चित्रापर्यंत उतरते.

सिनेमासाठी तर १२० हवंच. बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ फ्रेमचेच असतात, हे मनावर घेऊ नका.

२०२३ चा साधा आयफोन १५ वापरणाऱ्यांना दुखवट्याचा मेसेज पाठवा. बिचारे ६० वर दिवस काढतायत.

बॅटरी सेव्हर खुशाल लावा. बरेच फोन मग गुपचूप ६० वर येतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

कॉम्प्युटरला १४४ चा मॉनिटर घेतलात तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डोकावू नका, तिथे रेट ६० वरच राहिलेला असू शकतो. आमचे मेहुणे वर्षभर ६० वरच "फरक जाणवतो हं" म्हणत होते.

(गेम खेळणाऱ्यांनो, तुमचं बरोबर आहे. तुम्ही जा.)

तर फोन घरी आला. आईला कॉल केला की रिंग वाजते, पण उचलायचं हिरवं बटण उमटायला तीन सेकंद! स्क्रीन १२० चित्रं दाखवायला सज्ज, आत चित्र बनवणारा प्रोसेसर मात्र रडका. गॅलरीत उन्हात धरला तर त्यात आईला फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. अहो, कांदे घेताना एकेक दाबून बघता ना? मग पंधरा हजार मोजताना दुकानातल्या पोराच्या अंगठ्याकडे काय बघत बसता? अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारायला जीभ झडते? मीही त्यातलाच, म्हणून तर एवढा चिडलोय. फोन हातात घ्या, कॅमेरा उघडा, सिम घालून एक कॉल लावा, दाराबाहेर उन्हात धरून बघा. "सर, बाहेर नेता येत नाही" म्हणाला, तर पाकीट खिशात घाला आणि पुढचं दुकान गाठा.