रॉयस ग्रेसी किडकिडीत होता, अजिंक्य नव्हता

गेल्या महिनाभरात एकच पोस्ट मला चार ग्रुपांवर आली. एक कुस्तीवाल्यांचा, एक जिमचा, एक शाळेचा आणि चौथा चक्क सोसायटीचा, जिथे एरवी पाण्याच्या टँकरशिवाय दुसरा विषय नसतो. फोटोत पांढऱ्या गीमधला (ज्युजित्सूच्या जाड सुती पोशाखातला) एक सडपातळ माणूस. मजकूर साधारण असा: ब्राझीलचा ७० किलोचा काडीपैलवान रॉयस ग्रेसी १९९३ साली पिंजऱ्यात उतरला. समोर जगातले सगळ्यात खतरनाक फायटर, नियम कोणतेच नाहीत. घरच्यांनी शोधून काढलेल्या ज्युजित्सूच्या जोरावर त्याने एकेकाला लोळवलं आणि वजन-ताकद शून्य असते हे सिद्ध केलं. आयुष्यात एकही लढत हरला नाही. कधी टॅप केलं नाही. (टॅप म्हणजे हाताने थोपटून हार मानणं.) खाली वाघाचं चित्र.

मी सहा वर्षं ज्युजित्सू, म्हणजे जमिनीवर झोंबून गळ्याच्या आणि हाताच्या पकडींनी हरवण्याची कला, करतोय, कमरेला निळा पट्टा आहे, म्हणजे अजून शिकाऊच. रॉयस ग्रेसी नसता तर पुण्यात आमच्यासारख्यांना मॅट दिसलीही नसती, त्यामुळे माझं त्याच्याशी वैर नाही. पण ही पोस्ट म्हणजे तीस वर्षांपूर्वीची जाहिरात आहे आणि लोक ती इतिहास म्हणून पुढे ढकलताहेत.

आधी किरकोळ गोष्ट उरकून घेऊ. तो ७० किलोचा नव्हता. सहा फूट एक इंच उंच आणि ८० किलोच्या आसपास. आपल्या तालमीत हा गडी कुणाला काडीपैलवान वाटला नसता. शंभर किलोच्या माणसांशेजारी उभा केला म्हणून तसा दिसला.

आणि तसा दिसावा म्हणूनच त्याला उभा केलं होतं. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला जी पहिली यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढतींची स्पर्धा, झाली, तिच्या आयोजकांत रॉयसचा थोरला भाऊ रोरियन होता. आर्ट डेव्ही नावाच्या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाबरोबर त्याने ही कल्पना उभी केली. म्हणजे मांडव घरचाच. पंचही ब्राझीलहून आणलेले. घराण्यातला सगळ्यात जबरदस्त लढवय्या तेव्हा रॉयसचा दुसरा भाऊ रिक्सन मानला जायचा, पण रोरियनने निवडला तो रॉयस. पिळदार रिक्सन जिंकला असता तर लोक म्हणाले असते, त्यात काय, अंगात ताकदच तेवढी आहे. रॉयस जिंकला की ज्युजित्सूचा विजय. माल विकायला काय पुढे ठेवायचं हे रोरियनला चांगलं कळत होतं.

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, मग सगळं ठरवूनच केलेलं असणार. तेही मला पटत नाही. त्या रात्री रॉयसने गळा आवळल्यावर अमेरिकेच्या केन शॅमरॉकने टॅप केलं, पंचाने ते पाहिलंच नाही. रॉयसने पकड सोडली, मग लक्षात आलं की लढत थांबलेली नाही. दोघं पुन्हा झोंबण्याच्या बेतात असताना रॉयसने शॅमरॉकलाच सुनावलं, आणि शॅमरॉकने कबूल केलं की हो, मी हरलो. ठरवून केलेल्या नाटकात असला गोंधळ कोण लिहील? अंतिम फेरीत जेरार्ड गोर्डोने रॉयसचा कान चावला. रॉयसनेही मग त्याने टॅप केल्यावर गळा लगेच सोडला नाही. यावरून ‘नियम कोणतेच नाहीत’ हेही बाद होतं. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, एवढे नियम होते. गोर्डोने त्यातला एक मोडला, इतकंच.

‘जगातले सगळ्यात खतरनाक फायटर’ ही तर गंमतच आहे. पहिल्या फेरीत रॉयससमोर आर्ट जिमरसन हा बॉक्सर आला, एका हातात ग्लोव्ह आणि दुसरा हात उघडा. रॉयसने त्याला खाली पाडलं आणि छातीवर बसला. ना गळा धरलेला, ना हात मोडायला घेतलेला. जिमरसनने तरीही टॅप केलं, कारण छातीवर बसलेल्या माणसाचं काय करायचं हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. यूएफसी ४ मध्ये समोर आलेले रॉन व्हॅन क्लीफ तर ५१ वर्षांचे होते.

आता मुख्य मुद्दा, वजन. इथे थोडा वेळ घेतो, कारण आपल्याकडच्या कुस्तीवाल्यांना हा मुद्दा ब्राझीलवाल्यांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं.

माझे काका कोल्हापूरच्या तालमीतले. मी त्यांना पहिल्यांदा मोबाइलवर रॉयसची लढत दाखवली तेव्हा अर्ध्या मिनिटात ते म्हणाले, ‘‘अरे, याची पाठ लागली की! संपलं.’’ त्यांच्या दृष्टीने संपलंच होतं. खासबागेत पाठ टेकली की हलगी वाजते आणि पुढची जोड आत येते. ज्युजित्सूत पाठ टेकली की खेळ सुरू होतो. खालच्या माणसाचे पाय मोकळे असतात आणि ते हातांसारखे चालतात. समोरच्याची कंबर धरतात, खांदा ढकलतात, मान पकडतात. याला गार्ड म्हणतात. १९९३ च्या अमेरिकेत हा गार्ड ओळखणारी माणसं फार थोडी होती. बॉक्सर, कराटेवाले, किकबॉक्सर हे सगळे उभ्याने लढणारे. रॉयस येऊन पट काढायचा, खाली न्यायचा आणि त्यांना पोहता येत नसताना विहिरीत ढकलल्यासारखं व्हायचं.

१६ डिसेंबर १९९४, टल्सा, यूएफसी ४ ची अंतिम लढत. समोर डॅन सेव्हर्न, मुरलेला कुस्तीगीर, वजनाने रॉयसपेक्षा तीसहून जास्त किलो भारी. आधीच्या फेरीत त्याने एकाला उचलून मागे फेकलं होतं. त्याने रॉयसला खाली घेतलं आणि पंधरा मिनिटं वरून उठलाच नाही. माझे काका हे बघताना सारखे घड्याळाकडे बोट दाखवत होते. रॉयस जाळीला डोकं लावून पाठीवर पडलेला, चेहरा अवघडलेला, आणि पाय मात्र हळूहळू वर सरकताहेत. एक पाय सेव्हर्नच्या मानेवर आला. दुसऱ्या पायाच्या गुडघ्यामागे त्याची घोट्याजवळची बाजू अडकली. मधे सेव्हर्नचा स्वतःचाच हात त्याच्या गळ्यावर आडवा आलेला. हा ट्रँगल. मानेच्या एका बाजूने मांडी दाबते, दुसऱ्या बाजूने त्याचाच खांदा, आणि मेंदूकडे जाणारं रक्त अडतं. १५ मिनिटं ४९ सेकंदांनी सेव्हर्नने टॅप केलं. प्रसारणाची वेळ संपून गेल्यामुळे पैसे भरून घरी बसलेल्या कित्येकांच्या पडद्यावर तोवर अंधार झाला होता. काका म्हणाले, ‘‘पोरगं कसबी आहे.’’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

या लढतीतून पोस्टवाल्यांनी ‘वजन शून्य’ काढलं. मला उलट दिसतं. पंधरा मिनिटं वजनच जिंकत होतं. सेव्हर्नला वरून काय करायचं हे माहीत नव्हतं, ठोसे मारायला तो कचरत होता आणि वेळेची मर्यादा नव्हती, म्हणून रॉयसला थांबता आलं. पुढच्याच स्पर्धेत, एप्रिल १९९५ मध्ये, वेळेची मर्यादा आली. समोर पुन्हा शॅमरॉक. पहिल्या यूएफसीत ५७ सेकंदांत हरलेला हा माणूस आता गार्ड शिकून आला होता. तो ३६ मिनिटं रॉयसच्या वर बसून राहिला, काहीही निकाल लागला नाही आणि लढत बरोबरीत सुटली. त्यानंतर ग्रेसी यूएफसीतून बाहेर पडले. १९९६ मध्ये मार्क कोलमनसारखे जाडजूड कुस्तीगीर आले, खाली घेऊन वरून ठोसे घालायला शिकले. १९९७ मध्ये यूएफसीने वजनगट आणले. वजन शून्य असतं तर गट कशाला लागले असते?

हेच उदाहरण रोज आमच्या क्लासात घडतं. माझं वजन ६४. नवीन आलेल्या ९० किलोच्या पोराला मी पाचदा टॅप करायला लावतो. सहा महिन्यांनी तो माझ्या छातीवर आडवा पडतो आणि मला फक्त छताचा पंखा दिसत राहतो.

जपानमध्ये ३१ डिसेंबर २००४ ला रॉयसने अकेबोनोला हरवलं, त्याचा व्हिडिओ याच पोस्टला जोडून फिरतो. दोनशे किलोच्या वरचा माजी योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च दर्जाचा पैलवान, सव्वादोन मिनिटांच्या आत टॅप. बघायला झकास आहे. पण अकेबोनो या खेळात नवखा होता आणि पाठीवर पडलेल्या माणसाच्या हातात स्वतःचा हात देत होता. जिमरसनचीच गोष्ट, फक्त मोठ्या मापात.

आज हे डाव कुणा एका घराण्याचे राहिलेले नाहीत. आपला भारत खंडारे २०१७ साली शांघायमध्ये यूएफसीत उतरला, तेव्हा चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिनने, म्हणजे गळ्याच्या डावानेच हरवलं.

‘घरच्यांनी शोधलेली विद्या’ हे वाक्य तर ग्रेसींच्याच घरात वर्षानुवर्षं रंगवलं गेलं. मित्सुयो माएदा हा जपानी ज्यूदोपटू ब्राझीलमध्ये बेलेंला स्थायिक झाला. रॉयसचे काका कार्लोस त्याच्याकडे शिकले आणि तिथून ही विद्या भावांकडे आली. वडील एलियो यांनी खालून लढण्याचा भाग घासूनपुसून धारदार केला, याचं श्रेय त्यांना आहेच. पण माएदाचा आणखी एक शिष्य होता, लुईझ फ्रांसा. त्याचा शिष्य ओस्वाल्डो फाद्दा रिओच्या गरीब वस्त्यांत शिकवायचा आणि १९५० च्या दशकात त्याच्या पोरांनी ग्रेसींच्या पोरांना हरवलं होतं. १९५१ साली माराकाना स्टेडियममध्ये खुद्द एलियोंना जपानच्या मासाहिको किमुराने हरवलं. ज्या डावाने हरवलं त्याला ब्राझीलवाले आजही ‘किमुरा’ म्हणतात. ही दिलदारी मला आवडते. पोस्टमध्ये तिला जागा नाही.

‘एकही लढत हरला नाही’ म्हणणाऱ्यांनी १ मे २०००, टोकियो डोम बघावं. समोर जपानचा काझुशी साकुराबा, वजनाने जवळपास रॉयसच्याच जोडीचा. नियम ग्रेसींनी मागून घेतलेले: पंधरा मिनिटांच्या हव्या तेवढ्या फेऱ्या, पंचाने लढत थांबवायची नाही, गुणांवर निकाल नाही. साकुराबाने रॉयसची गीच त्याच्याविरुद्ध वापरली, कापड ओढून त्याला अडकवलं आणि पायांवर लाथा घालत राहिला. सहा फेऱ्या, ९० मिनिटं. रॉयसला उभं राहवेना, तेव्हा घरच्यांनी टॉवेल फेकला. साकुराबा त्याच रात्री पुढच्या लढतीलाही उतरला. २००६ मध्ये लॉस एंजेलिसला मॅट ह्यूजनेही रॉयसला पहिल्याच फेरीत हरवलं. २००७ मध्ये साकुराबाशी पुन्हा गाठ पडली. यावेळी रॉयस गुणांवर जिंकला, पण तपासणीत नँड्रोलोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. त्याने आरोप नाकारला. कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने दंड आणि निलंबन दोन्ही केलं. व्यावसायिक लढतींची गोळाबेरीज: १५ विजय, २ पराभव, ३ बरोबरी. शेवटचा विजय २०१६ चा, वयाच्या ४९ व्या वर्षी, पुन्हा त्याच शॅमरॉकवर. रॉयसने गुडघा मारून त्याला पाडलं, पण त्याआधीचा फटका कमरेखाली लागला म्हणून शॅमरॉक तिथल्या तिथे भांडत होता.

राहिलं शेवटचं वाक्य, कधी टॅप केलं नाही. व्यावसायिक लढतींपुरतं ते खरं आहे, आणि गीमधल्या पराभवातही तसंच. १९९८ साली रिओत वॉलिद इस्माइलने कॉलरने गळा आवळला तेव्हा रॉयस टॅप न करता बेशुद्ध झाला. साकुराबाच्या वेळी टॉवेल दुसऱ्यांनी फेकला. ह्यूजच्या लढतीत एक क्षण असा आहे की मी तो दर वेळी डोळे बारीक करून बघतो. ह्यूजने रॉयसचा हात कोपरातून सरळ ताणला आहे, हात नको तिकडे वाकतोय आणि रॉयस नुसता बघतोय. ह्यूजलाच शेवटी हात सोडून पाठीवर चढावं लागलं आणि ठोशांवर लढत संपली. रॉयस तेव्हा ३९ वर्षांचा होता. आमच्या क्लासात असं कुणी केलं तर सर त्याला आठवडाभर मॅटच्या बाहेर बसवतात.