‘हॅचऱ्या दुप्पट करा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. हॅचरी म्हणजे त्याची अंडी उबवून पिल्लं नदीत सोडणारं केंद्र. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीतल्या अशा हॅचऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली ‘कोलंबियाकाठचा’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती सगळ्यांना दिसावी म्हणून तशीच ठेवली आहे. तिच्यातलं मुख्य वाक्य असं: “जो मासा दरवर्षी लाखोंनी पैदा होतो तो संकटग्रस्त कसा? हॅचऱ्या दुप्पट करा, प्रश्न मिटला. पण मग तुमच्यासारख्या पर्यावरणवाल्यांची दुकानं बंद होतील.” त्यापुढे धरणं, सॅमन खाणारे सी-लायन, तिथल्या आदिवासींची जाळी, हंगाम मध्येच बंद होणं आणि “आपल्याकडे धरणात बोटुकली सोडतात तेव्हा कुणी कोर्टात जात नाही” असं बरंच काही आहे.

आधी ‘दुकाना’बद्दल. या लिखाणाचे मला कुणी पैसे देत नाही. मी हॅचरीत काम केलेलं आहे, उबवणीचे ट्रे धुतले आहेत, बुरशी लागलेली अंडी चिमट्याने वेचली आहेत. हॅचरी बंद करा असं त्या लेखात एकाही ओळीत नाही. तुम्ही तो पूर्ण वाचला असता तर हे लक्षात आलं असतं. मतभेद असू द्या, कितीही असू द्या, पण लिहिणाऱ्याच्या हेतूवर चिखल उडवून सुरुवात केलीत की तुमचा मुद्दा त्याखाली गाडला जातो. आणि मुद्दा तर आहे, म्हणूनच राग येतो.

‘लाखोंनी पैदा होणारा मासा संकटग्रस्त कसा’ हा प्रश्न कोर्टात विचारून झालेला आहे. ओरेगन किनाऱ्यावरच्या कोहो सॅमनबद्दलच्या आल्सी व्हॅली खटल्यात २००१ साली न्यायाधीश मायकल होगन यांनी संरक्षित प्रजातींच्या सरकारी यादीतली त्याची नोंद रद्द केली. त्यांचं म्हणणं असं होतं की हॅचरीतला आणि नदीतला मासा तुम्ही एकाच गटात धरलात, तर त्या गटातल्या अर्ध्यांनाच संरक्षण देता येणार नाही. याचा अर्थ पुष्कळांनी ‘हॅचरीतले मासे मोजा, संख्या भरली, धोका संपला’ असा लावला. तुम्हीही तेच करताय. २००५ साली अमेरिकी सरकारच्या मत्स्यसेवेने नवं धोरण आणलं: जवळच्या वंशाचे हॅचरीतले मासे गटात धरायचे, पण धोका ठरवताना बघायचं ते तो वंश नदीत स्वतःच्या बळावर टिकेल का हे. ते धोरण २००९ मध्ये अपील न्यायालयातही टिकलं. संकटग्रस्त प्रजातींचा १९७३ चा कायदा टाक्यांमधली डोकी मोजत नाही.

आता ‘दुप्पट करा’. या दोन शब्दांसाठी थोडं गणित करावं लागेल, आणि ते प्रत्येक हॅचरीत रोज करावं लागतं.

हॅचरी दोन प्रकारे चालवता येते. एकीत प्रजनक मासे हॅचरीतूनच परतलेले घेतात आणि नदीतल्या माशांपासून त्यांना शक्य तितकं वेगळं ठेवतात. दुसरीत दरवर्षी नदीत जन्मलेले काही मासे प्रजनक म्हणून आत घेतात, म्हणजे दोन्हीकडचा वंश एकच राहतो. दुसऱ्या प्रकारात दोन आकडे बघायचे असतात. ‘पी-नॉब’ म्हणजे प्रजनकांमध्ये नदीत जन्मलेल्यांचं प्रमाण. ‘पी-हॉस’ म्हणजे नदीत अंडी घालणाऱ्यांमध्ये हॅचरीत जन्मलेल्यांचं प्रमाण. पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागलं की ‘पीएनआय’ मिळतो. माशाला वळण कोण लावतंय, नदी की टाकी, हे त्यावरून कळतं. हॅचऱ्यांचा आढावा घेणाऱ्या शास्त्रज्ञगटाची शिफारस अशी की महत्त्वाच्या समूहासाठी पीएनआय ०.६७ च्या खाली जाऊ नये आणि पी-हॉस ३० टक्क्यांच्या आत असावा. वेगळ्या ठेवलेल्या हॅचरीसाठी तर पी-हॉसची मर्यादा ५ टक्केच आहे.

उदाहरण घ्या. नदीत ७०० मासे तिथलेच, ३०० हॅचरीतले. पी-हॉस ०.३. प्रजनकांमध्ये नदीतले ६० टक्के असतील तर पीएनआय ०.६७, म्हणजे काठावर पास. आता तुमच्या सल्ल्याप्रमाणे उत्पादन दुप्पट करू. परतणारे हॅचरीतले मासे ६०० झाले, पी-हॉस ४६ टक्क्यांवर गेला. प्रजनकही दुप्पट लागणार. नदीतून घेतलेले मासे तेवढेच ठेवले तर पी-नॉब ३० टक्क्यांवर येतो आणि पीएनआय ०.३९ वर कोसळतो. नदीतून दुप्पट मासे उचलले, तर ज्यांना वाचवायचं तेच नदीतून कमी होतात. एकूण संख्या वाढलेली दिसते, पण पुढच्या पिढीचे आईबाप मुख्यतः टाकीत वाढलेले असतात.

त्याने काय बिघडतं, असं तुम्ही विचारणार. ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड या सॅमनच्या भाऊबंद माशावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॅचरीतल्या प्रत्येक पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. हा आकडा त्या नदीचा आणि त्या माशाचा आहे, तो सगळीकडे चिकटवू नये. उलट आयडाहोत जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स या आदिवासी लोकांच्या चिनूक सॅमनच्या हॅचरीत प्रजनक फक्त नदीत जन्मलेलेच घेतात, आणि तिथल्या वंशावळीच्या अभ्यासात अशी घट आढळली नाही. म्हणून मी पुन्हापुन्हा म्हणतो, हॅचरी किती मोठी यापेक्षा ती कशी चालते हे बघा.

कशी चालते म्हणजे काय, तेही सांगतो. परतीच्या हंगामाच्या सुरुवातीलाच कोटा भरून टाकला की लवकर येणाऱ्या माशांचीच पिल्लं निघतात आणि काही पिढ्यांत सगळा समूह लवकर येऊ लागतो. म्हणून प्रजनक पूर्ण हंगामभर, येणाऱ्या माशांच्या प्रमाणात घ्यायचे. पाच नरांचं वीर्य एका बादलीत एकत्र करून अंड्यांवर ओतणं सोपं, पण त्यात एखाद्याच नराची बहुतेक पिल्लं होतात. म्हणून एका मादीला एक नर, किंवा अंड्यांचे भाग करून प्रत्येक भागाला वेगळा नर. प्रत्येक मादीच्या अंडाशयातल्या द्रवाची एलायझा चाचणी करायची. बॅक्टेरियल किडनी डिसीजचं प्रमाण जास्त निघालं तर त्या मादीची अंडी काढून टाकायची, कारण हा रोग अंड्यातूनच पिल्लात जातो. डोळे दिसू लागेपर्यंत अंड्यांना धक्का लागू द्यायचा नाही. डोळे दिसले की उलट मुद्दाम हलवायची, म्हणजे मेलेली पांढरी पडतात आणि वेचता येतात. ती राहिली तर बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते. पिल्लांना भरपूर खाऊ घालून भराभर वाढवलं तर नरांतले बरेचसे समुद्रात न जाता बोटभर असतानाच वयात येतात. हिशेबात पिल्लं सोडलेली दिसतात, परतणारं त्यातलं कुणीच नसतं. उत्पादन दुप्पट केलं की या प्रत्येक पायरीवर हात अपुरे पडतात.

आणि पाणी? स्नेक नदीच्या सॉकआय सॅमनचं उदाहरण त्या लेखातच होतं. १९९१ साली तो संकटग्रस्त यादीत गेला. १९९२ मध्ये आयडाहोतल्या रेडफिश सरोवरात एकच मासा परतला. १९९१ ते १९९८ मिळून १६ आले, आणि त्यांच्यावरच बंदिस्त पैदास उभी राहिली. २००० साली २५७ मासे परतले. हा वंश हॅचरीमुळेच जिवंत आहे, हे मी मोठ्या आदराने लिहिलं होतं. मग २०१३ मध्ये स्प्रिंगफील्डला १० लाख स्मोल्टची (समुद्राकडे निघायला तयार पिल्लांची) क्षमता असलेली नवी हॅचरी झाली. तुमच्या हिशेबाने प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण तिथलं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, रेडफिश क्रीकचं अगदी हलकं. टँकरमधून थेट ओढ्यात सोडलेली पिल्लं त्या बदलाने खचली आणि पहिल्या काही वर्षांत खालच्या धरणापर्यंतही फार थोडी पोचली. कारण सापडल्यावर मधल्या जडपणाच्या पाण्यात ती काही काळ ठेवून मग सोडायला सुरुवात झाली. १० लाख हा आकडा कागदावर पहिल्या दिवसापासून होता, नदीत नव्हता.

हंगाम मध्येच बंद होण्याबद्दल तुम्ही ‘मनमानी’ हा शब्द वापरलात. ती मनमानी नाही, बेरीज आहे. कोलंबियातल्या वसंत चिनूकसाठी करारबाह्य, म्हणजे आदिवासींच्या करारात न येणाऱ्या, मासेमारीला संरक्षित यादीतल्या माशांचा अर्धा ते २.७ टक्के एवढाच बळी घेता येतो, परतीचा आकडा जसा असेल तसा. पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला, म्हणजे हॅचरीची खूण असलेला, मासा तुम्ही घरी नेता, पर असलेला सोडता. सोडलेल्यांतले १० टक्के मेले असं धरतात. म्हणजे पर असलेले १००० मासे गळाला लागून सुटले की १०० खात्यावर चढतात. खातं भरलं की नदीत हॅचरीचे कितीही मासे असोत, गळ गुंडाळायचा. सुरुवातीला तर अंदाजावर ३० टक्के राखीव धरूनच परवानगी देतात, कारण अंदाज चुकतो.

तुमचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे: पर असलेला प्रत्येक मासा नदीत जन्मलेला नसतो. काही पिल्लांचे पर मुद्दाम कापत नाहीत, ती मोठी होऊन गळातून वाचावीत आणि वरच्या ओढ्यांत अंडी घालावीत म्हणून. त्यातल्या पुष्कळांच्या थुतरात खुणेची जेमतेम एक मिलिमीटरची तार असते, ती यंत्राशिवाय कळत नाही. हे तुम्ही नीट मांडलंत, आभार.

‘आपल्याकडे’ची तुलना वाचून वाईट वाटलं. महाराष्ट्रातल्या जलाशयात रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात ती वाढवून पकडण्यासाठी. साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा प्रजनन करत नाहीत, म्हणून दरवर्षी सोडावीच लागतात. तिथे कुठला वंश सावरायचा नसतो. जिथे होता, तिथे काय झालं ते कावेरीत बघा. लोणावळ्यात पैदा केलेला निळसर परांचा महासीर १९७०च्या दशकापासून तिथे सोडला गेला, चांगल्या हेतूने. तो फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महासीर मागे पडत गेला. २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने कुबड्या महासीरची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली. कुणी कोर्टात गेलं नाही, ही यात मिरवण्यासारखी गोष्ट नाही.

धरणांवर तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत. लेख हॅचऱ्यांचा होता, ती चर्चा इथे नको. सी-लायन मारण्याचे परवाने २००८ पासून आहेत, २०२० मध्ये ते आणखी व्यापक झाले. आदिवासींच्या जाळ्यांबद्दल जे लिहिलंत ते मला आवडलं नाही. तो हक्क १८५५ च्या करारांचा आहे, १९६९ आणि १९७४ च्या निकालांनी पक्का झालेला आहे, आणि स्नेकमधला शरद चिनूक सावरण्यात नेझ पर्स लोकांच्या हॅचऱ्यांचा मोठा हात आहे. तुमच्या प्रतिक्रियेतला त्या समाजाबद्दलचा एक शब्द मी काढून टाकला आहे. पुन्हा आला तर पूर्ण प्रतिक्रिया काढेन.

पुढे बोलायचं असेल तर तुमच्या जवळच्या हॅचरीचा आनुवंशिक व्यवस्थापन आराखडा उघडा. त्यातला पी-नॉब, पी-हॉस आणि पिल्लं कुठल्या पाण्यात सोडतात हे इथे लिहा. मी त्यावर उत्तर देईन.