मिसळ जमली, शाळेचं काय?

जागतिकीकरणाने संस्कृती बुडवली की नाही, हा ठाण्यातल्या माझ्या मित्रमंडळींचा हक्काचा वाद. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली बघितल्या की एक गट म्हणतो, बुडालीय कुठे? दुसरा म्हणतो, एक दिवस फेटा, बाकी वर्षभर मॉल.

अभ्यासकांतही असेच गट आहेत. जॉर्ज रिट्झर यांनी १९९३ मध्ये मांडलं की सगळं जग फास्टफूडच्या साच्यात चाललंय. त्याच वर्षी हंटिंग्टन म्हणाले, संस्कृती एकमेकींना भिडणार. मूळचे मुंबईचे अर्जुन अप्पादुराई यांना मात्र दिसलं की बाहेरून आलेलं लोक आपल्या पद्धतीने वळवून घेतात.

खाण्यापिण्यात आणि सणांत मला अप्पादुराईच पटतात. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं ते गोमांस वगळून, पुढे आलू टिक्की विकायला लागलं. मी राहते त्या बार्सिलोनातही माणसांचे थर लावतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेला वारशाचा मान दिला. तिथलं एक कॅटलान (बार्सिलोनाच्या कॅटलोनिया प्रांतातलं) पथक ठाण्याच्या दहीहंडीला येऊनही गेलंय. त्याने ना त्यांचं काही बुडालं, ना आपलं.

भाषेचं तसं नाही. ती शाळेवर जगते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत इथली कॅटलान भाषा शाळांतून हद्दपार झाली होती; १९८३ च्या कायद्याने तिला परत वर्गात आणलं. आज माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत गणित कॅटलानमधून शिकते. मधल्या सुट्टीत स्पॅनिशच जास्त ऐकू येतं आणि शाळेत स्पॅनिशमधून किती शिकवायचं यावरून कोर्टकज्जेही चालू आहेत, पण मोरोक्कोहून आलेल्या मुलालाही कॅटलान येते.

आपल्याकडे मराठी शाळांचे वर्ग रोडावले, ते कुणा परक्याने बंदी घातली म्हणून नव्हे. इंग्रजी माध्यमाचे फॉर्म आपणच भरले. त्यासाठी आईबापांना मी दोष देणार नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात इंग्रजीवाचून नोकरी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मला इथे भरून आलं. पण त्या दर्जाने पहिलीचा पट वाढत नाही. मराठी शाळेत गणित-विज्ञान मराठीतून आणि सोबत खणखणीत इंग्रजी मिळालं, तर आयटीतले आईबापही तिथे मुलांची नावं घालतील. त्यासाठी शिक्षक आणि पैसा लागेल, आणि तो महापालिकेकडे आपणच मागायला हवा.