वार्प इंजिन: नासाने बनवलेलं आणि न बनवलेलं

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. सार असं: आवाजाचा वेग ओलांडला, तसा प्रकाशाचाही ओलांडता येतो, न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांनी 2011 मध्ये तो ओलांडलाच, नासाने प्रयोगशाळेत ‘वार्प बुडबुडा’ (यानाभोवतीचा अवकाशच वाकवून त्याला पुढे नेणारा) बनवलाय, आता शेजारच्या ताऱ्यावर काही आठवड्यांत पोचू. शेवटी ठळक अक्षरांत ‘आइनस्टाइन खोटा ठरला’. विज्ञानकथेतली असली यानं मलाही आवडतात, पण ही बातमी म्हणून फिरतेय.

आधी आवाजाचं घेऊ. 1947 मध्ये चक येगरने ध्वनीचा वेग ओलांडला, खरंय. पण तेव्हा शंका होती ती विमान टिकेल का, याची. बंदुकीची गोळी ध्वनीच्या पुढे धावते हे आधीपासून ठाऊक होतं. प्रकाशाच्या पुढे धावणारी एकही वस्तू आजवर सापडलेली नाही.

आणि ही मर्यादा कशी वागते ते पाहायला नासापर्यंत जायलाच नको. आपल्या कॅटमध्ये, म्हणजे राजा रामण्णा केंद्रात, इंडस-2 हे वर्तुळाकार यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन शिरतात ते 55 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने. तिथून त्यांना 250 कोटींपर्यंत चढवतात. गणित मांडून बघा. शिरताना त्यांचा वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे 130 मीटरने कमी असतो, शेवटी सुमारे 6 मीटरने. ऊर्जा साडेचारपट झाली आणि वेगात भर पडली जेमतेम सव्वाशे मीटरची! उरलेले ते 6 मीटर म्हणजे सायकलवाल्याचा वेग, पण तेवढे भरून काढायला अनंत ऊर्जा लागेल. कॅट रोडवर राहणाऱ्यांनी तरी हा फॉरवर्ड पुढे ढकलू नये.

न्यूट्रिनोंचं प्रकरण लवकर आटपतं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेला, सुमारे 730 किलोमीटरवर, ते 60 नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं 2011 मध्ये दिसलं होतं. 2012 मध्ये कळलं की एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. फॉरवर्डवाले 2012 पर्यंत पोचलेलेच नाहीत.

आता बुडबुडा. मूळ कल्पना मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाची, 1994 ची, आणि देखणी आहे: यान जागच्या जागी, पुढचा अवकाश आकुंचन पावतो, मागचा प्रसरण पावतो. आइनस्टाइनच्याच समीकरणांत हे बसतं, म्हणजे ‘खोटा ठरला’ तिथेच निकालात निघालं. ग्यानबाची मेख अशी की त्यासाठी ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याच्याही खालची ऊर्जा लागते, आणि तीही अफाट. 1997 मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी हिशेब केला तेव्हा ती अख्ख्या दृश्य विश्वातल्या वस्तुमानापेक्षाही जास्त निघाली. पुढे इतरांनी आकडा बराच खाली आणला, पण ऋण ऊर्जेचा साठा कुठून आणायचा हे कुणी सांगितलेलं नाही. वर क्रास्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलेली अडचण: प्रकाशापेक्षा वेगवान बुडबुड्याच्या पुढच्या टोकापर्यंत आतल्या माणसाचा इशाराच पोचत नाही. ब्रेक लावणार कोण?

मग नासाचं काय? हॅरॉल्ड व्हाइट पूर्वी नासात होते. ज्या 2021 च्या निबंधावरून ही आवई उठली तो त्यांनी नासा सोडल्यावरचा. त्यात मायक्रॉनभर आकाराच्या रचनेची आकडेमोड आहे, बनवलेली वस्तू नाही. 2024 मध्ये ऋण ऊर्जेशिवाय चालणारा एक वार्प-नमुना कागदावर मांडला गेला, आणि तो मला या सगळ्यात जास्त रंजक वाटतो. पण तो प्रकाशापेक्षा हळूच जातो.

राहिला शेजारचा तारा. प्रॉक्झिमा 4.24 प्रकाशवर्षं दूर आहे. नासाचं व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर जातं. त्या वेगाने तिथवर जायला साधारण 75 हजार वर्षं लागतील.