कृष्णविवराचं वजन थाप नाही, हिशेब आहे

माझी भाची अकरावीत आहे, तिला खगोलशास्त्र शिकायचंय. परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: 'अतिनील किरण दिसतच नाहीत, म्हणून त्यांचे फोटो बनावट. दुर्बीण हिमालयात लावा, अवकाशात पैसे कशाला? आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवराचं वजन सांगणं ही शुद्ध थाप.' खाली तिच्या काकांचा अंगठा. "मामा, हे खरंय का?" तिने विचारलं आणि मला राहवेना.

फोटोतले रंग मागाहून भरतात, हे खरं. तेवढं मान्य. पण मोजमाप त्या रंगांवरून होत नाही, वर्णपटावरून होतं, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मिळालेल्या नोंदीवरून. हाडाचा एक्स-रे काढतात ते किरण तरी कुठे दिसतात?

हिमालयाचं म्हणाल, तर लडाखमधली हानलेची वेधशाळा साडेचार किलोमीटर उंचीवर आहे आणि ओझोनचा थर साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर. ३०० नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश तो वरच शोषून घेतो. म्हणून तर आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर २०१५ साली अतिनील दुर्बीण पाठवली.

खरा संताप आला तो 'थाप' या शब्दाचा. इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर या उपग्रहाचा आरसा जेमतेम ४५ सेंटिमीटरचा. १९८८-८९ मध्ये त्याने एनजीसी ५५४८ या सक्रिय दीर्घिकेचा, म्हणजे जिच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती प्रखर प्रकाश असतो तिचा, वर्णपट दर चार दिवसांनी, असा आठ महिने नोंदवला. केंद्राचा प्रकाश वाढला की काही दिवसांनी भोवती फिरणाऱ्या वायूच्या वर्णपटातल्या रेषाही उजळायच्या. तो उशीर म्हणजे प्रकाशाला केंद्रापासून वायूपर्यंत जायला लागलेला वेळ. म्हणजे अंतर कळलं. रेषा जितकी रुंद, तितका वायूचा वेग जास्त; म्हणजे वेगही कळला. अंतर आणि वेग हाती आल्यावर वस्तुमान काढायला गुरुत्वाकर्षणाचा तोच नियम लागतो, जो भाची यंदा शिकतेय. उत्तर येतं कित्येक कोटी सूर्यांएवढं. वायूची मांडणी नेमकी ठाऊक नसल्याने आकडा थोडा मागेपुढे होतो, पण तो हवेतून काढलेला नाही.

त्या उपग्रहाचे वर्णपट कुणालाही मोफत पाहता येतात. काल रात्री आम्ही दोघांनी याच दीर्घिकेचा एक उघडला. कार्बनची रेषा १५४.९ नॅनोमीटरला असते, पण दीर्घिका दूर जातेय, म्हणून ती १५७च्या पुढे सरकलेली. भाचीने ती स्वतः शोधली, आलेखावर खूण केली आणि फॉरवर्डखाली टाकली.