कंपनीचा टाकू का लोकल?

ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन वर्षांनी एकदा असतं, त्यानंतर दरवर्षी. हा नियम ज्याने केला, त्याच्या घरी नक्की एखादा जुना ट्रक असणार. आमचा चौदा फुटी 2012 चा आहे. त्याला सारखं काही ना काही हवं असतं. आणि काहीही हवं असलं, की मिस्त्री चिंधीला हात पुसत तोच प्रश्न टाकतो, “शेठ, कंपनीचा टाकू का लोकल?”

या वेळी क्लच गेला. तळोज्याहून भिवंडीला निघालेली भरलेली गाडी मुंब्रा बायपासच्या चढावर इंजिन बोंबलतंय पण चाक पुढे सरकत नाही अशी अडकली. ड्रायव्हरचा फोन आला, “मालक, जळका वास येतोय.”

“कशाचा? मालाचा?”

“क्लचचा. अजून थोडा वेळ उन्हात उभा राहिलो तर माझाबी येईल.”

माल दुसऱ्या गाडीत भरला, हमाली दुप्पट मोजली आणि आमच्या गाडीला टोचन लावून कळंबोलीला आणलं. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपास ट्रकचा कुठलाही अवयव मिळतो, आणि प्रत्येक अवयवाबद्दल ठाम मत असलेला माणूस फुकट मिळतो.

मतांचं म्हणाल तर ती घरातूनच सुरू झाली. मेहुणा ऐरोलीला आयटीत आहे. तो म्हणाला, “दाजी, ओरिजिनलच टाका. क्वालिटीत तडजोड नाही.” हे तो ज्या फोनवरून बोलत होता, त्याची स्क्रीन ठाणे स्टेशनबाहेर बदललेली आहे आणि चार्जर वाशीच्या फुटपाथवरचा. बायको म्हणाली, “अहो, मिक्सरचं भांडं आणताना कुठे गेली होती तुमची कंपनी?” यावर मी काही बोललो नाही. ड्रायव्हरचं मत सरळ होतं: खाली काहीही टाका, पण सीट चांगली करा.

मिस्त्रीचं मत तेवढं दुकानागणिक बदलत होतं. एका दुकानासमोर तो म्हणाला, लोकल नकोच. दुसऱ्या दुकानासमोर म्हणाला, आजकाल लोकलही चांगलं येतं. त्याचं कमिशन कुठे कमी, कुठे जास्त, हे सगळ्या कळंबोलीला ठाऊक आहे. ते कमिशन मात्र शंभर टक्के ओरिजिनल असतं, त्यात लोकल चालत नाही.

दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले. पहिल्यावर ट्रक कंपनीचं नाव. दुसऱ्यावर क्लच बनवणाऱ्या कारखान्याचं नाव. तिसऱ्यावर जे नाव होतं ते पहिल्यासारखंच दिसत होतं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे होतं. ट्रक कंपनी स्वतः सगळंच बनवत नाही, हे ट्रक घेताना कुणी सांगत नाही. क्लच, ब्रेक, अल्टरनेटर, बेअरिंग असं बरंच काही वेगवेगळ्या कारखान्यांकडून येतं. तोच माल कंपनीच्या डब्यात बसला की जेन्युइन होतो आणि कारखान्याच्या स्वतःच्या डब्यात बसला की स्वस्त होतो.

मी पहिल्या दोन डब्यांतल्या क्लचप्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या. हबभोवतीच्या स्प्रिंगा सारख्या, लायनिंगवरच्या खाचा सारख्या, रिव्हेट एका उंचीवर आत बसलेले. फरक शिक्क्यात होता आणि किमतीत होता. तिसरीवरून बोट फिरवलं तर दोन रिव्हेट वर आलेले हाताला लागले. हे हाताला लागतात ते फ्लायव्हीललाही लागतात, म्हणजे इंजिनाच्या ज्या चकतीवर ही प्लेट दाबून बसते तिला. लायनिंग जरा झिजलं की ते फ्लायव्हीलवर चरे पाडतात आणि मग लेथवाल्याचं घर चालतं. होलोग्राम मात्र तिसऱ्याचाच सगळ्यात झगझगीत होता. ओरिजिनल होलोग्रामला एवढी हौस नसते.

“शेठ, हा पण चालतो,” दुकानदार म्हणाला. “चालतो”वर त्याने जोर दिला, पण किती दिवस ते सांगितलं नाही.

सुटे भाग सगळीकडे सहज मिळू द्यायचे नाहीत, ही कंपन्यांची जुनी खोड. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने यावरूनच 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. प्रकरण कारचं होतं. ट्रकवाल्याला ती बातमी वाचून नुसतंच बरं वाटलं.

माझा स्वतःचा हिशेब डब्यावरून सुरूच होत नाही, तो मजुरीवरून सुरू होतो. क्लचप्लेट बदलायची म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स उतरवायचा. प्लेट महाग आहे का स्वस्त हे गिअरबॉक्सला कळत नाही, त्याचं वजन तेवढंच राहतं आणि मजुरीही तेवढीच. प्लेट लवकर गेली की मजुरी पुन्हा, टोचन पुन्हा, हमाली पुन्हा. गाडी उभी राहिली की भाडं बंद होतं, पण बँकेचा हप्ता चालत राहतो आणि ड्रायव्हरची खर्चीही. म्हणून जे आत लपतं ते चांगलं घ्यावं. प्लेटेबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलावं. किरकोळ पैशांचं ऑइल सीलसुद्धा तिथे हलकं टाकू नये, कारण ते गळलं की नव्या लायनिंगवर तेल येतं आणि पुन्हा चढावर बोंब. ब्रेकच्या बाबतीत तर घासाघीसच नको. बाहेर लोंबणाऱ्या वस्तूंना मात्र मी लोकलच घेतो. घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्या गाडीला कंपनीचा आरसा बसवणारा माणूस एक तर फार श्रीमंत असावा, नाहीतर नवीन.

तसा आमच्या गाडीत कंपनीचा भाग आता शोधावाच लागतो. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा बदलल्या, रेडिएटर बदलला, केबिनचा पत्रा दोनदा ठोकून घेतला. नंबरप्लेट तेवढी पहिल्या दिवसापासूनची होती, तर 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली आणि तीही गेली. आरसी बुकावरचं नाव आणि माझं कर्ज, एवढंच काय ते जुनं उरलं आहे.

तर मी मधला डबा उचलला, कारखान्याच्या नावाचा. मिस्त्रीचा चेहरा पडला. म्हणजे कमिशन तिसऱ्यात होतं. मग पार्ट नंबर जुन्या प्लेटेशी जुळवला, दात मोजले, शाफ्टवर सरकवून पाहिली. दुकानदार सगळं शांतपणे बघत होता. शेवटी त्याने पॅड ओढलं.

“बिल पक्कं का कच्चं?”

“फरक काय?”

“पक्क्यावर अठरा टक्के जीएसटी.”

सप्टेंबर 2025 पर्यंत हाच माणूस अठ्ठावीस टक्के म्हणून घाबरवायचा, त्यामुळे मी बऱ्यापैकी निर्ढावलो होतो. “आणि वॉरंटी?”

“पक्क्यावर कंपनीची वॉरंटी.”

“कच्च्यावर?”

“कच्च्यावर माझा शब्द, शेठ.” तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

मी पक्कं बिल घेतलं.